निकाहाच्या फॉर्मात रक्ताचा रकाना का नको?

आमच्या भागात दरवर्षी इज्तिमाई निकाह होतात. गरीब घरच्या मुलींची लग्ने एकाच मांडवात, एकाच जेवणात, कर्ज न काढता. हे काम फार चांगले आहे आणि ते करणाऱ्या कमिटीबद्दल माझ्या मनात आदर आहे. मी कमिटीत नाही. बायकांना कमिटीत घेत नाहीत, तो विषय आज नको. पण फॉर्म मराठीत लागतो, नावे उर्दूतही बरोबर लागतात, आणि दोन्ही लिप्या नीट लिहिणारी बाई म्हणून फॉर्म तयार करायचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते.

या फॉर्मात नाव, वालिदचे नाव, वय, शिक्षण, आधार, मेहर, वकील, गवाह एवढे रकाने असतात. शेवटी एक प्रश्न असतो: दोघांत दुधाचे नाते तर नाही ना? यंदा मी त्याच्या खाली एक ओळ वाढवली. ‘दोघांची थॅलेसेमिया व सिकलसेलची रक्ततपासणी झाली आहे काय? होय / नाही.’ निकाल काय आला, ते विचारले नव्हते. झाली की नाही, एवढेच.

फॉर्म परत आला तेव्हा त्या ओळीवर लाल पेनाने रेघ होती आणि शेजारी उर्दूत लिहिले होते की हे गैरजरूरी आहे. मी विचारायला गेले. उत्तरे तीन मिळाली. एक, रिश्ते तुटतील. दोन, तकदीरमध्ये जे आहे ते होणारच. तीन, "टीचर, अपनी कौम को पहले से बदनाम कर रहे लोगां, तुम और कायकू मौका देते?"

या तिन्ही उत्तरांशी माझे भांडण आहे. पण आधी सातवीतल्या एका मुलीच्या घरची गोष्ट सांगते, कारण ओळ मी वाढवली ती तिच्यामुळे.

ती मुलगी दर तीन-चार आठवड्यांनी एक दिवस गैरहजर असायची. विचारले तर म्हणायची, भाईला रक्त द्यायला नेतात, अम्मी जाते, घरी धाकटीला सांभाळायला मी. भाऊ सहा वर्षांचा. थॅलेसेमिया मेजर. या आजारात शरीर हिमोग्लोबिन नीट बनवू शकत नाही. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या वयात मूल पांढरेफटक पडू लागते आणि मग आयुष्यभर दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते. दिलेल्या रक्तातले लोह शरीरात साठते, हृदय आणि यकृत खराब करते, म्हणून ते बाहेर काढायची औषधे रोज घ्यावी लागतात. भारतात दरवर्षी अशी दहा ते बारा हजार मुले जन्मतात असा अंदाज आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा कायमचा इलाज. त्याचा खर्च लाखांत.

या घरातला पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना गेला होता. नजर लागली, असे तेव्हा ठरले. दुसऱ्या मुलाच्या वेळी निदान झाले तेव्हा नजर हा शब्द गेला आणि त्याची जागा बहूने घेतली. सासू मला म्हणाल्या, "हमारे खानदान में ऐसा कब्बी नै था. ये लेके आई." यात मला हसू यावे की रडू, कळेना. कारण ही बहू म्हणजे त्यांच्याच सख्ख्या बहिणीची मुलगी. खानदान कुठले दुसरे? तरी मुलाचे दुसरे लग्न करावे अशी बोलणी घरात सुरू झाली होती आणि बहू दोन महिने माहेरी जाऊन बसली होती. ते माहेर म्हणजे सासूच्याच बहिणीचे घर.

पुढचे मूल पोटात राहण्याआधी या जोडप्याने जनुकीय समुपदेशन घ्यावे, असे एका डॉक्टरांनी सांगितले. ते नगरात त्यांना कुठे मिळेना. पुण्याला जायचे ठरले, एकशेवीस किलोमीटर. कागद मराठी-इंग्रजीत, म्हणून मलाही बरोबर घेतले. मी सासूंनाही हट्टाने एसटीत बसवले.

समुपदेशन म्हणजे उपदेश, असेच मी समजत होते. एखादी बाई रागावणार, नात्यात लग्न का केले म्हणून. तसे काही झाले नाही. समोरच्या बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि शजरा काढायला सुरुवात केली. आपल्याकडे शजऱ्याचे केवढे कौतुक! आमच्या ओळखीतल्या एका घरी तर तो फ्रेम करून लावला आहे, वर कुठल्या बुजुर्गापर्यंत जातो. पण त्या शजऱ्यात फक्त पुरुष असतात आणि फक्त जगलेले असतात. या बाईंच्या शजऱ्यात पुरुष चौकोन होते, बायका गोल होत्या. आजारी असलेला चौकोन रंगवायचा. नात्यातल्या नवरा-बायकोमध्ये एकाऐवजी दोन रेघा. आणि त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या ते गेलेल्यांबद्दल. लहानपणी कोण गेले? कितव्या महिन्यात? रंग कसा झाला होता? पोट मोठे दिसायचे का?

सासू बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, माझे दोन धाकटे भाऊ होते. दोघेही दोन वर्षांच्या आत ‘पीले पड़के’ गेले. त्यांची नावे त्यांना आठवत होती. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना, आपल्याला असे दोन मामू होते हेच माहीत नव्हते. बाईंनी दोन छोटे चौकोन काढले. खात्रीने सांगता येत नाही, पण तसेच असण्याची शक्यता आहे, म्हणाल्या. दोन बहिणी, त्यांच्या धाकट्या भावांचे दोन चौकोन, खाली बहिणींची मुले, मध्ये दोन रेघा, आणि खाली नातू. त्या कागदाकडे पाहिल्यावर ‘ये लेके आई’ म्हणायला जागाच उरली नव्हती. सासूंनी तो कागद घडी करून पदरात ठेवला.

मी भाषेची शिक्षिका आहे, विज्ञानाची नाही, म्हणून मला समजले त्या भाषेत सांगते. प्रत्येकाकडे या गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणतात किंवा थॅलेसेमिया मायनर. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी भरते आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या देत राहतात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात दोघेही एकेक नाणे उडवतात असे समजा. दोन्ही नाण्यांवर काटा आला तर मूल आजारी. म्हणजे चारात एक. आमच्याकडचा मोठा गैरसमज असा की एक मूल आजारी झाले म्हणजे आता पुढची तीन चांगली. नाण्याला मागचे काही आठवत नाही. दर वेळी पुन्हा चारात एक. आणि काटा एकाच नाण्यावर येऊन आजार होत नाही, दोन्ही लागतात. बायकोला दोष देणाऱ्याने आपल्या हातातले नाणे आधी पाहावे.

आता कमिटीच्या उत्तरांकडे येते.

रिश्ते तुटतील, म्हणतात. हो, एखादा तुटेल. पण आपण रिश्ता तोडतो कशाकशावर ते आठवा. मुलगी सावळी आहे. मुलगा भाड्याच्या घरात राहतो. ते लोक दुसऱ्या मसलकचे आहेत. दहेजमध्ये मोटारसायकल नाही. या कारणांनी रिश्ते तुटताना कुणी उम्मतची काळजी केल्याचे मी पाहिले नाही. आणि तपासणीने रिश्ता तुटायलाच हवा असेही नाही. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर मूल थॅलेसेमिया मेजर होत नाही. म्हणजे वाहक मुलीचे लग्न होऊ शकत नाही हे सपशेल खोटे. फक्त दोघेही वाहक असतील तर प्रश्न येतो, आणि तेव्हाही निर्णय त्या दोघांचा. सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे. दोघे वाहक निघाले तरी लग्नाला बंदी नाही, माहिती मात्र द्यावीच लागते. इराणने तर १९९७ मध्येच लग्नाआधीची थॅलेसेमिया तपासणी देशभर लागू केली. या दोन देशांचे आपसात फारसे पटत नाही, पण या बाबतीत पटले आहे. आपण कोणत्या मुस्लिम देशाची वाट पाहत आहोत?

बदनामीची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. मोहल्ल्यात एका मुलीचा रिपोर्ट फुटला की तिच्या तिन्ही बहिणींचे रिश्ते थांबतील. यावर न्यूयॉर्कमधल्या एका रब्बींनी चांगला तोडगा काढला. जोसेफ एकस्टाईन हे त्यांचे नाव. टे-सॅक्स नावाच्या अशाच आनुवंशिक आजाराने त्यांची चार मुले गेली. त्यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरीम’ ही संस्था काढली. मुला-मुलींची तपासणी रिश्त्याच्या आधीच होते, प्रत्येकाला फक्त एक नंबर मिळतो, आणि रिश्ता आला की दोन्ही नंबर कळवायचे. जुळते की नाही एवढेच सांगतात. कोण वाहक, हे कुणालाच कळत नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिले होते की या तपासण्या म्हणजे यहुदी साजिश आहे. साजिश असती तर त्यांनी ती आधी स्वतःच्या मुलांवर कशाला केली असती?

दुसरे उत्तर तकदीरचे. इथे मला जास्त बोलायचे आहे, कारण या शब्दाने आमच्या बायकांचे तोंड सगळ्यात लवकर बंद होते.

हिजरी १८ मध्ये शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) वाटेत सर्ग या ठिकाणी थांबले. पुढे प्लेग पसरल्याची खबर आली होती. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचे ठरवले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि त्यांनी उंटांचा दाखला दिला: एक उतार हिरवा, एक उजाड, कुठेही चारले तरी अल्लाहच्याच तकदीरमध्ये चारले ना? जुम्याच्या बयानमध्ये हा प्रसंग मी लाउडस्पीकरवरून कितीदा ऐकला आहे. रक्ततपासणीचा विषय निघाला की तो कुठे जातो?

चुलत, मामे, खालेरे, फुफेरे नात्यात लग्न जायज आहे, याबद्दल वाद नाही. पण जायज म्हणजे फर्ज नव्हे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये पत्नी निवडताना पाहायच्या गोष्टी सांगितल्या, त्यात ती फार जवळच्या नात्यातली नसावी हेही आहे. त्यांची कारणे आजच्या विज्ञानाची नव्हती, पण नात्याबाहेर पाहा असे म्हणणे म्हणजे दीनच्या बाहेर जाणे नव्हे, एवढे तरी त्यावरून ठरते.

आणि तो दुधाचा प्रश्न. कुणी कुणाला अडीच-तीन दशकांपूर्वी दूध पाजले होते काय, हे आपण निकाहाआधी म्हाताऱ्या बायकांना बोलावून विचारतो. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी निकाह हराम त्यांची यादी आहे, त्यात दूध-आई आणि दूध-बहीण आहेत, म्हणून विचारतो, आणि विचारायलाच हवे. त्या प्रश्नाने कुणाची बेइज्जती होत नाही. ‘शक पैदा होगा’ असे कुणी म्हणत नाही. मग रक्ताचा प्रश्न त्याच पानावर, त्याच्याच खालच्या ओळीत विचारला तर आभाळ का कोसळते? दुधाचा प्रश्न हराम-हलालचा आहे आणि रक्ताचा नाही, हा फरक मला मान्य आहे. पण लग्नाआधी घरातल्या बायकांच्या आठवणी चाळून पाहण्याची सवय शरीयतनेच आपल्याला लावली आहे.

गर्भातल्या तपासणीचा मुद्दा याहून अवघड आहे. दोघे वाहक असले तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा छोटा तुकडा तपासून बाळाला आजार आहे का ते कळू शकते. असेल तर काय करायचे? इथे उलेमांमध्ये एकमत नाही. मक्केतल्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह अकादमीने १९९० च्या ठरावात तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने गंभीर दोष निश्चित केला आणि आई-वडिलांची इच्छा असली तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला सवलत दिली. काही उलेमा तीही देत नाहीत. मी फतवा देणारी कोण? पण लग्नाआधी हजार रुपयांच्या आसपासची तपासणी करून जो प्रश्न टाळता आला असता, तो एका बाईसमोर तिसऱ्या महिन्यात आणून ठेवायचा आणि मग तिला तकदीर समजावायची, हे मला निर्दयपणाचे वाटते. वलीम्याच्या एका देगेचा खर्च त्याहून जास्त होतो.

याच ठिकाणी आमच्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. आमच्याकडे ‘जेनेटिक’ हा शब्द लोकांनी कुठे वाचला असेल तर तो सोनोग्राफीच्या दवाखान्यात. १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली होणाऱ्या नोंदणीत ‘जेनेटिक समुपदेशन केंद्र’, ‘जेनेटिक क्लिनिक’ असेच शब्द आहेत, आणि शेजारी पाटी असते की येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. शेजारच्या बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या काळात या भागात जे घडले ते सगळ्यांना आठवते. त्यामुळे पुण्याला जाताना त्या विद्यार्थिनीच्या शेजारणीने मला बाजूला घेऊन विचारले, मुलगा की मुलगी बघायला चाललात ना? त्याच कायद्याने थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारख्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी दिली आहे, हे कुणी सांगतच नाही. पाटी फक्त काय करत नाही ते सांगते.

राहिले तिसरे उत्तर, कौमच्या बदनामीचे. यात मला दोन्हीकडच्यांशी बोलायचे आहे.

जे बाहेरचे लोक म्हणतात की हा मुसलमानांचा आजार, त्यांनी महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका वाचाव्यात. मामाची मुलगी करण्याची पद्धत या मातीत जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात दक्षिणेतल्या आणि महाराष्ट्रातल्या या नातेसंबंधांची मांडणी केली आहे. भारतात थॅलेसेमियाचे प्रमाण जास्त आढळते ते सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत, आणि त्यातल्या बहुतेकांत सख्ख्या चुलत-मामे नात्यात लग्न चालत नाही. मग कसे? जमातीबाहेर लग्न करत नाहीत म्हणून. तीच गोष्ट आमची. बागवान बागवानात, तांबोळी तांबोळ्यात, पिंजारी पिंजाऱ्यात. ‘रिश्तेदारी में नहीं किया’ म्हणणाऱ्यांनीही बिरादरीतच केलेले असते. त्यामुळे तपासणी फक्त नात्यातल्या जोडप्यांची करून भागणार नाही.

शिवाय हे रक्त ‘खराब’ नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक मलेरियाच्या मोठ्या तडाख्यातून जास्त वाचतात, म्हणूनच हे गुण मलेरियाच्या प्रदेशांत टिकले. आमच्या कुठल्या तरी पणजीला त्याने जगवले असेल. यात शरम कशाची?

आणि आपल्यातल्यांना सांगते, आकडे झाकून बदनामी टळत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिथला अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात दोषांचा धोका साधारण तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जातो, असे त्यात दिसले. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव मुले यातून सुटतात. ‘नात्यात केले की मूल अपंगच’ म्हणणारे खोटे बोलतात. पण धोका दुप्पट होतो, म्हणून ‘काही होत नाही’ म्हणणारेही खोटेच. माझे स्वतःचे लग्न मामूंच्या मुलाशी झाले. तपासणी आम्ही केली नव्हती, कुणी सांगितलीच नव्हती. मुले ठीक आहेत, अलहमदुलिल्लाह. ते माझे शहाणपण नव्हते. गेल्या वर्षी भाच्याच्या रिश्त्यात मी समोरच्यांना तपासणीचे विचारले आणि ते उठून गेले. आमच्या घरात अजून म्हणतात, तो रिश्ता आपाने मोडला.

एक गाऱ्हाणे सरकारकडेही आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय मिशन जुलै २०२३ मध्ये सुरू झाले, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे आणि कार्डेही द्यायचे ठरले, हे चांगलेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आला, त्यामुळे माझ्या विद्यार्थिनीच्या भावाला दाखला मिळाला. पण कार्ड हातात देणे आणि त्याचा अर्थ समजावणे या दोन गोष्टी आहेत. ‘वाहक’ लिहिलेले कार्ड घेऊन आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीशी, तिच्या भाषेत, अर्धा तास बोलणारे माणूस तालुक्याच्या ठिकाणी हवे. आमच्या भागात त्या माणसाला दखनीही समजायला हवी. ते बोलणे नसेल तर ते कार्ड म्हणजे मुलीच्या कपाळावरची पाटी.

पुण्याहून परतताना एसटीत सासू-सुना एका बाकावर बसल्या होत्या. सुपे येईपर्यंत कुणी बोलले नाही. मग सासूंनी घडी केलेला कागद काढला आणि सुनेला विचारले, यात तुझी अम्मी कुठली? सुनेने गोल दाखवला. आणि मी? तिने शेजारचा गोल दाखवला. दुसऱ्या लग्नाची बोलणी त्यानंतर त्या घरात झाली नाहीत. पुढचे मूल हवे की नको, हे त्या दोघांचे अजून ठरलेले नाही, आणि ते मी विचारतही नाही.

यंदाचा फॉर्म बकरी ईदनंतर छापायला जाईल. लाल रेघ मारलेली ओळ मी पुन्हा टाइप केली आहे, तिथेच, दुधाच्या प्रश्नाच्या खाली. कमिटीने ती पुन्हा खोडली तर त्यांनी स्वतःच्या हाताने खोडावी. मी फॉर्म तिच्याशिवाय टाइप करून देणार नाही. मराठी-उर्दू जाणणारे दुसरे कुणी मिळाले तर त्यांनी खुशाल बघावे.